ओढ

पारस मगदूमची एस्टीम ढकलत आणली उद्यमनगरात,
तेव्हा डिपस्टिक जागेवर नव्हती.
आतल्या दाबानं उडून बॉनेटला लागलेली,
टॅपेट कव्हरच्या कडेनं काळं तेल
आणि तेलावर ट्रॅकची तांबडी माती.
"पॅकिंग तीनदा बदललं," तो म्हणाला,
"सील बदलले. गॅरेजबी बदललं."

हुसेनचाचांनी फिलरचं झाकण काढलं,
तळहात धरला वर, दवाखान्यात धरतात तसा नाही,
तव्यावर धरतात तसा.
"पॅकिंगचा काय गुन्हा, पोरी?
कोंडलेलं दार शोधणारच."

रिंगांना चुकवून थोडा जाळ
खाली चेंबरात उतरतोच, नव्या इंजिनातसुद्धा.
ब्रीदरची नळी करंगळीएवढी,
सहा हजार फेऱ्यांवर तिचा जीव केवढा.
मोठी नळी टाकू म्हटलं मी.
चाचा म्हणाले, "वाट हाय की. ओढणारा न्हाई."

ते मला कळलं शिरोली फाट्यावर.
चहाच्या टपरीचा निळा पडदा
ट्रक शेजारून गेला की
ट्रकच्या मागं धावायचा,
कुणी हात न लावता, दोरीला ताण देऊन.
मी बशी तशीच ठेवून परत आले.

एक्झॉस्टचा पाइप म्हणजे तो ट्रक.
चारी नळ्या एकत्र येतात, त्याच्या जरा पुढं
भोक पाडलं, पाऊण इंची.
त्यात नळी बसवली तिरकी, निम्म्या काटकोनात,
आतलं टोक कलतं कापून,
तोंड वाऱ्याकडं नाही, पाठ वाऱ्याकडं.
हे उलटं झालं तर धूर इंजिनात शिरतो.
पहिल्या वेळी माझं उलटंच झालं होतं.
चाचा काही बोलले नाहीत. ग्राइंडर माझ्या हातात दिला.

मग झडप. ठोके मागं मारतात तेव्हा मिटणारी,
ओढ लागली की उघडणारी.
"ह्यात नवं काय?" चाचा म्हणाले,
"पंचगंगेच्या काठाला बुडालेत असे किती फूटव्हॉल्व्ह,
निम्म्यांची पितळ मीच कातलीय."
स्प्रिंग स्टीलची पातळ जीभ कापून दिली त्यांनी,
लेथवर वाकून, मधूनमधून खोकत,
खोकला आला की टूल मागं घेत,
जॉबवर रेघ उठू नये म्हणून.

वीस वर्षं फाउंड्रीत साचे फोडले त्यांनी,
वाळू झाडली, तोंडाला रुमाल बांधून.
त्यावर ते बोलत नाहीत. मी विचारलंही नाही.

संध्याकाळी गाडी चालू केली, सायलेन्सर न लावता.
शेजारच्या पॅटर्नवाल्यानं शिव्या घातल्या.
फिलरवर धरायला कागद पाहिजे होता.
चाचांनी खिशात हात घालून मिळाला तो दिला.
मी ॲक्सिलरेटर दाबला:
तीन हजार, कागद थरथरला.
पाच हजार, खाली बसला, चिकटला
झाकणाच्या गोलाचा ठसा उमटेपर्यंत.
पारस ओरडला. मीही ओरडले असेन.
जे धूर बाहेर फेकत होतं
तोच धूर आतलं ओढून नेत होता.

पाय काढला. इंजिन सावकाश आलं,
झडप खुळखुळली, कागद सुटला,
पुन्हा उलटा फडफडू लागला.
"म्हणजे पळताना चालणार," पारस म्हणाला,
"आणि सिग्नलला?"
"सिग्नलला न्हाई. सायलेन्सर बसवलास तर
पळतानाबी निम्मंच. म्हणून ब्रीदर ठेवलाय
व्हॉल्व्ह कव्हरला, जुना. दोन्ही ऱ्हाऊ दे."

तो पैसे मोजत होता तेव्हा मी कागद उलटून पाहिला.
सीपीआरचा केसपेपर. नाव, वय, छाती,
पुढं डॉक्टरचं अक्षर, त्यावर तेलाचं वर्तुळ.
तारीख मागल्या महिन्याची.

चाचांनी तो माझ्या हातातून घेतला,
कॉटन वेस्टनं दोन्ही बाजू पुसल्या,
चार घड्या घालून खिशात ठेवला.
"उद्या झडपेचा स्टॉपर बघूया," म्हणाले,
"खुळखुळतीय."